बंबात काय जाळायचं

माझे वडील कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचे. माझ्या रुखवतात त्यांनी स्वतः ठोकलेला पाणी तापवायचा बंब ठेवला होता. सासरी, मांजरी गावात, तो मागच्या पडवीत बसला आणि पहिल्याच दिवशी थोरल्या जाऊबाईंनी त्याचा ताबा घेतला. "तू शहरातली. तुला न्हाय जमायचं," म्हणाल्या, आणि वरच्या नळकांड्यातून त्यांनी उसाची चिपाडं आणि गोवरीचे तुकडे असे सोडले की धूर निघायच्या आधीच जाळ धरला.

मला खरंच जमलं नसतं. आमच्याकडे कोळसा विकत यायचा. जाळायला काही विकत आणतात, हेच जाऊबाईंना पटायचं नाही. दारात दोन म्हशी होत्या, त्यांच्या शेणाच्या गोवऱ्या व्हायच्या. ऊस तुटून गेला की पाचट असायचं. राख भांड्यांना जायची, उरली तर भाजीच्या वाफ्यात. विरलेलं लुगडं आधी गोधडीत जायचं, मग पोतेऱ्यात. हे सगळं त्या हौसेनं करत होत्या असं मात्र नाही. दमायच्या, चिडायच्या. शेणाचे हात धुताना एकदा म्हणाल्या होत्या, "पुढच्या जल्मी बिल्डिंगीत ऱ्हायाला जाईन."

बिल्डिंगी याच जन्मी आल्या, फक्त आमच्या रानात, दुसऱ्यांसाठी. जमीन गेली, गावठाणातलं घर राहिलं. वैरण कुठून आणायची म्हणून म्हशी विकल्या. दूध पिशवीतून येऊ लागलं, भाजीसुद्धा पिशवीतून. जाऊबाई त्या दिवसांत खूश होत्या, ते मी नाकारणार नाही. शेण गेलं, पाठ मोडणं गेलं. हातगाडीवरून त्यांनी नायलॉनचे गाऊन घेतले. धुतले की लगेच वाळतात, इस्त्री नको, पिळायला हलके. मलाही एक आणला होता.

बंब मात्र तसाच होता आणि त्याला रोज सकाळी काहीतरी जाळायला लागायचं. गॅस स्वयंपाकापुरता. मी गिझरचा विषय काढला तर थोरले दीर म्हणायचे, "चांगला तांब्याचा बंब असताना गिझर कशाला?" सरपण कुठून येतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. जाऊबाई आधी बांधकामांवरून प्लायवूडचे तुकडे वेचून आणत. पुढे वॉचमन आत सोडेनात. मग खोकी, तुटक्या चपला, शेवटी दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल. त्यांच्या मते ही काटकसरच होती. घरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या आयुष्यभर शिकल्या होत्या.

"ताई, हा धूर वाईट असतो हो," मी म्हणायचे.

"धूर काय आज बघतीय व्हय मी?"

त्यांना हिवाळाभर खोकला असायचा. गल्लीतल्या निम्म्या बायकांना असायचा. थंडीचा खोकला, म्हणायच्या सगळ्या.

एका थंडीतल्या सकाळी मी डबे भरत होते. आदल्या दिवशी जाऊबाईंनी समोरच्या सोसायटीतून नव्या फ्रिजचा थर्माकोल उचलून आणला होता. मागून भक्क असा आवाज आला, मग किंकाळी. मी धावले. नळकांड्यावर वाकून त्या थर्माकोल कोंबत असताना जाळ वर उसळला होता. दोन्ही हातांनी त्या छाती बडवत होत्या. गाऊन कापडासारखा जळत नव्हता, वितळत होता. मी बादली ओतली. माझे यजमान गाऊन ओढून काढायला गेले तशा त्या गुरासारख्या ओरडल्या. तो अंगाला चिकटला होता. तो वास मला अजूनही मधेच येतो, आणि मग मी गॅस बंद आहे का ते बघून येते.

दवाखान्यात जबाब घ्यायला पोलीस बाई आल्या. भाजलेली सून म्हटल्यावर त्यांना काय वाटलं ते त्यांच्या नजरेत दिसलं. मला पडद्याबाहेर बसवलं. मी काही केलं नव्हतं, तरी आतला शब्द न् शब्द मी कान देऊन ऐकत होते.

"घाबरू नका. खरं सांगा. घरातलं कुणी होतं का?"

"दुधाच्या पिशवीनं जाळलं," जाऊबाईंचा आवाज आला. "थर्माकोलनं. लिवा की."

"बाई, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"मग काय सांगू? कुणाचं नाव घिऊ?"

मग पोलीस बाईंनी लिहून घेतलं असावं.

जाऊबाई वाचल्या. गळ्याची कातडी आखडली, त्यामुळे त्यांना मान वर करता येत नाही. उजव्या हाताची मूठ वळत नाही. त्या घरी येण्याआधी दिरांनी गिझर बसवून घेतला. जाऊबाईंनी न्हाणीच्या दारातून, मान तिरकी करून, त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता बरं सुचलं," एवढंच म्हणाल्या. दीर पायांत चपला सरकवून बाहेर निघून गेले. पुढे कधीतरी त्यांनी बंब मोडीत देतो म्हटलं. माझ्या वडिलांच्या हातचा तो. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तो पडवीत रिकामा पडून आहे.

यंदा थंडी पडली तसा सकाळी गल्लीत पुन्हा जळक्या प्लॅस्टिकचा तोच वास येऊ लागला. मला राहवेना. मी मागच्या आळीतल्या एका बाईकडे गेले. जाऊबाईही उठून बरोबर आल्या. ती बाई बंबात पिशव्या टाकत होती. जाऊबाईंचा गळा तिनं पाहिलाच होता, सगळ्या गावानं पाहिला होता. मी सांगायचं ते सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पटतंय हो सगळं," ती म्हणाली. "पन पोरं थंड पान्यानं आंघोळ करत न्हाईत. म्हातारी तर आजारी हाय. मग मी काय जाळू, सांगा."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या बाईच्या अंगावर फुलाफुलांचा गाऊन होता. जाऊबाईंनी न वळणाऱ्या हातानं त्याची बाही चाचपली आणि म्हणाल्या, "जाळायचंच आसंल तर निदान सुती घालत जा. ह्ये चिकटतंय."