थंडोबांची वाळवंटाची तयारी

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली थंडोबा म्हणायची, आणि ते चिडत नसल्यामुळे नाव घट्ट चिकटलं. पण या थंड माणसाच्या डोक्यात एखादा किडा शिरला की तो बाहेर निघत नसे. वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कोल्ह्याचा फोटो त्यांनी वर्तमानपत्रात पाहिला. जीव एवढासा, कान मात्र हे मोठे. कान कसले, फ्रिजच्या मागची जाळीच ती! आतली उष्णता बाहेर टाकायची सोय. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, मग हा गडी दुपार काढतो तरी कशी? हे डोळ्यांनी बघायलाच हवं होतं.

शरद ऋतू लागला की उद्यान उघडणार होतं. अडचण एकच होती, पण मोठी. मागे एका उन्हाळ्यात बायकोला ऊन लागलं, भर रस्त्यात ती कोसळली, आणि तेव्हापासून तिने घराचे पडदे ओढून घेतले ते घेतलेच. तिला मागे ठेवून जायचं थंडोबांच्या जिवावर येत होतं.

"तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा," ती म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू सवय करा. दुरुस्त केलेला फ्रिज दिवसभर चालवून पाहिल्याशिवाय थंडोबा गिऱ्हाइकाला देत नसत. सहलीलाही त्यांनी तोच नियम लावला. रोज दुपारी छत्री, पाण्याची बाटली आणि दुकानातला थर्मामीटर घेऊन दोघं गच्चीवर.

"सारखं काय बघताय माझ्याकडे? मी काय बर्फाचा ट्रे आहे?"

पण एके दिवशी तीच थबकली. "अहो, ही चिमणी चोच उघडी टाकून का बसलीय?"

"धापा टाकतेय. अंग थंड करतेय."

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या आधीच वर जाऊन बसली होती. येते असं मात्र म्हणत नव्हती.

शेवटी थंडोबांनी उद्यानात फोन लावला, स्पीकरवर. तिथल्या बाईंनी छत्र्या, ओले पंचे, सुती चादरी अशी सगळी तयारी ऐकून घेतली. मग विचारलं, "आणि रात्रीचं काय? पहाटे इथे दात वाजतात."

जन्मभर थंडीवर पोट भरणारा माणूस नेमकी थंडीच विसरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

त्यांचं मात्र तोंड उतरलं. "राहू दे बाई," ते फोनवर म्हणाले. "माझ्या हौसेपायी हिला काही झालं तर?"

"द्या तो फोन इकडे." बायकोने फोन ओढून घेतला. "बाई, एवढ्या थंडीत पहाटे बघायला काय असतं?"

"सगळंच. प्राणी तेव्हाच तर हिंडतात."

"मग आम्हाला उठवा. दोघांनाही. आणि यांना जाग आली नाही, तर मला एकटीला उठवा."