कोडी कुठे आहे?

कानडी मुलखात, आनेकलच्या पुढच्या एका खेड्यात आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण दर शनिवारी समाजसेवेला जायचो. तिथला जुना तलाव आणि त्यातून शेतांकडे जाणारा पाट यांच्या सुधारणेचा आराखडा करून पंचायतीला द्यायचा, असं ठरलं होतं. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं. पण ऐट अशी, जणू पाटबंधारे खातं माझ्या माहेरचंच.

गावात मराठी बोलणारी एकच बाई होती. माहेर निपाणीकडचं, लग्न होऊन इकडे आलेली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच दुपारी तिने विचारलं, मुद्दे घेणार का? मी तत्परतेने वही उघडली. तिने वहीशेजारी नाचणीचा वाफाळता गोळा ठेवला. मुद्दे म्हणजे हा गोळा. मी पोटभर हसले, पोटभर जेवले आणि यापुढे कानडी आपल्याला फसवू शकत नाही, अशी स्वतःची खात्री करून घेतली.

अक्काचं शेवंतीचं शेत पाटाच्या अगदी टोकाला. पाटाचं पाणी वरच्या शेतांतच संपायचं, तिची सगळी भिस्त विहिरीवर. विहीर आटली की शेवंती गेली, आणि घर चालायचं ते शेवंतीवरच. म्हणून मी मनाशी ठरवलं, आराखडा अक्कासाठी करायचा. पाट सिमेंटचा करायचा, बांध उंच करायचा आणि बांधाच्या एका कडेला जे भलंमोठं खिंडार होतं ते आधी बुजवायचं. इतक्या वर्षांत ते कुणाला दिसू नये, याचा मला रागच आला होता. मी त्यावर लाल पेन्सिलीने जाड रेघ ओढली.

पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा एक म्हातारा होता. गाव त्याला तात म्हणायचं. तो दर शनिवारी माझ्या नकाशावर वाकायचा आणि एकच विचारायचा, "कोडी एल्लि?" एल्लि म्हणजे कुठे, एवढं मला येत होतं. कोडी तर आपलीच. म्हाताऱ्याला कोडी घालायची हौस दिसते, असं समजून मी कौतुकाने मान डोलवायचे.

पंचायतीच्या बैठकीत मी नकाशा भिंतीवर लावला. तात उठला आणि त्याने तेच विचारलं. मी गोड हसून, जमवून आणलेल्या कानडीत म्हटलं, "कोडी आमेले, तात." कोडी नंतर. सगळी खोली हसली. तात हसला नाही, अक्काही हसली नाही.

ती पुढे आली आणि तिने लाल रेघेवर बोट ठेवलं. "अगं, कोडी म्हंजे सांडवा. तळं भरलं की जादा पाणी जायाची वाट. तीच तू बुजवलीस." मग हळूच म्हणाली, "माझ्या हिरीला तेच पाणी येतंय."

म्हणजे खिंडार नव्हतंच ते, मुद्दाम ठेवलेली वाट होती. तिथून सांडलेलं पाणी ओहोळाने अक्काच्या बांधाशी जायचं, मुरायचं, आणि विहीर भरायची. माझ्या आराखड्याने तलाव भरताच बांध फुटला असता, आणि नसता फुटला तर अक्काची विहीर कोरडी पडली असती. मला भयंकर लाज वाटली. आधी का नाही सांगितलंस, असं मी तिलाच वर विचारलं.

"दर शनवारी म्हणायचीस, अक्का, हे तुझ्यासाठी. मग मी कशी सांगू? म्हणून तातला इचारायला लावत होते."

लाल पेन्सील खोडरबराने जात नाही. नवा कागद घेतला. या वेळी तात बोलला आणि मी काढत गेले. कोडीला दगडी फरसबंदी, ओहोळातलं गवत साफ, आणि बांधाची उंची आहे तेवढीच. पंचायतीने मान्य केलं आणि उन्हाळ्यात कामही झालं.

पुढे एका दुपारी व्हाइटफील्डच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना अक्काचा फोन आला. मी बाहेर आले. मागे पाण्याचा आवाज एवढा, की ती जवळजवळ ओरडत होती.

"कोडी सुटली गं!"

"आणि विहीर?"

"चार पायऱ्या बुडाल्या," ती म्हणाली. "शनवारी मुद्दे खायला ये. वही नको आणू."