तोनीरवर घेतलेला आळ

हायकानूशला महिन्या-दीड महिन्याने ताप भरायचा. पोट असं दुखायचं की वाकून बसावं लागे, आणि घोट्याच्या वर तळहाताएवढा लालबुंद डाग उठे, हात लावला तर गरम. तीन दिवसांनी सगळं आपोआप ओसरे आणि चौथ्या दिवशी बाई तोनीरच्या काठावर हजर. जमिनीत पुरलेल्या त्या भट्टीच्या भिंतीवर लवाशच्या पातळ पोळ्या थापण्यात आर्मेनियातल्या अश्ताराकच्या बाजूला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

डाग तोनीरच्या धगीने उठतो, यावर गावात दुमत नव्हतं. बायका भट्टीशी पाय सोडून बसायच्या. हायकानूशचा उजवा पाय आगीकडे असे. तिने जाड मोजे घालून पाहिले, मग जागा बदलून डावा पाय आगीकडे केला. पुढच्या खेपेला डाग डाव्या घोट्यावर उठला. मग काय, पुरावाच मिळाला. एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स म्हणून तिचं पोट फाडलं होतं आणि अपेंडिक्स चांगलं धडधाकट निघालं होतं. त्याचा दोषही आगीलाच. तिची आईसुद्धा याच भट्टीवर बसायची. पाय सुजून ती सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली.

लेक शोगिक बारा वर्षांची होईतो झकास लाटायला लागली होती. हात आजीचा आहे, असं सगळ्याजणी म्हणत. एका सकाळी ती भट्टीशी पाय सोडून बसलेली दिसली. हायकानूशने तिला दंडाला धरून उठवलं आणि त्याच आठवड्यात येरेवानला मावशीकडे शाळेला धाडलं. पोरगी आठ दिवस रडली. कारण काही तिला सांगितलं गेलं नाही. कारणं सांगायची हायकानूशला सवयच नव्हती, आणि हा तिचा चांगलाच मोठा दुर्गुण.

दहा वर्षांनी मावशीचा फोन आला. पोरीला ताप, पोटात कळा, घोट्यावर लाल डाग. हायकानूशने आधी हेच विचारलं, की ती कुठे भट्टीवर बसते का.

"अगं, बटणांच्या दुकानात आहे ती," मावशी म्हणाली. "बटणं काय भाजतात का?"

येरेवानच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त आणि लघवी तपासली. त्या म्हणाल्या, हा ताप आपल्या आर्मेनियन लोकांत बऱ्याच घरांत असतो, आईकडून आणि बापाकडून मिळून येतो. अंगातले पहारेकरी चोर नसताना आरडाओरडा करतात. त्यानेच ताप, त्यानेच डाग. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. शोगिकची मूत्रपिंडं शाबूत होती. हायकानूशची बिघडायला लागली होती. गोळीने थांबेल तेवढं थांबेल.

स्वतःच्या मूत्रपिंडांचं हायकानूशने काहीच विचारलं नाही.

"आणि तोनीर?" ती म्हणाली.

"तोनीरचा काय संबंध?"

बाहेर बाकावर शोगिक आईशेजारी बसली.

"म्हणून मला हाकललंस?"

"हो."

"मला वाटायचं, मला जमत नाही म्हणून."

हायकानूशला एवढी लाज जन्मात वाटली नव्हती. तिने लेकीकडे न बघता सांगितलं, "तुला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं."