मीटरची पिशवी

आमचा धंदा विहिरी खोदायचा. क्रेन आमची, माणसं आमची, आणि क्रेनचा ब्रेक माझ्या हातात. तंबाखू मळायला ब्रेक सोडून न उठणारी घरात मी एकटीच. विहिरीत पहिलं उतरायचा मान नवऱ्याचा. तो कुणी कधी मागून घेतला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही आधी पेटता कंदील खाली सोडायचो. विझला की खाली हवा नाही, एवढंच आमचं शास्त्र. पण सुरुंगाचा विषारी धूर कंदिलाला कळत नाही, म्हणून पुढे दिराने पुण्याहून गॅसचा मीटर आणला. हवा वाईट असली की तो ओरडणार. मीटरची पूजा झाली, नारळ फुटला. मग दिराने त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर आवळलं. टीव्हीचा रिमोट असो की ट्रॅक्टरची सीट, महागाची वस्तू आमच्याकडे प्लॅस्टिकमध्येच नांदते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

शिनोलीजवळ एक जुनी विहीर खोल करायची होती. दोन वर्षं झाकलेली, तळाला पाला कुजलेला. मीटर दोरीने तळाला गेला आणि गप्प राहिला. नवऱ्याने क्रेनला टांगलेल्या टबात पाय टाकला. मी कंदील मागितला, तर शेतमालकासकट सगळे हसले.

दीर म्हणाला, “वहिनी, कंदिलाचं दिस गेलं आता. मीटर गप हाये म्हंजी हवा लई झ्याक.”

मी ब्रेक सोडला नाही, टब जागचा हलला नाही. चिडून त्यांनी कंदील सोडला. तो निम्म्यात विझला. दिराच्या मते वारा लागला असावा. विहिरीत वारा! पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथेच विझला.

मी मीटर वर ओढायला लावला, पिशवी फाडली आणि परत सोडायला सांगितला. तो असा बोंबलला की बांधावरची मेंढरं उधळली. पिशवीतली हवा उत्तमच होती, विहिरीतली नव्हती.

टबातून पाय काढत नवरा म्हणाला, “धूळ बसू नाय म्हणून घातली व्हती त्यानं.”

भावाची बाजू घेण्यापुरता श्वास त्याच्याकडे शिल्लक होता.

कॉम्प्रेसरचा पाइप सोडून दुपारपर्यंत खाली हवा भरली. मीटर गप्प झाला, कंदील पेटता राहिला, मग मी ब्रेक सोडला.

मीटरमुळे भाऊ वाचला, असं दीर महिनाभर आळेफाट्याच्या हॉटेलांत सांगत होता. त्या दिवसानंतर आठवड्यातच मीटरवर नवी पिशवी दिसली, चेनवाली. तेव्हापासून मीटर माझ्यापाशी असतो. उघडा, धुळीने माखलेला.