सात कडव्यांचं पाणी

आमच्या आजीइतकी सरकारला सोयीची बाई अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. हे मी कौतुकानं म्हणत नाही, तक्रार म्हणून म्हणते आहे. बेला मंडलातल्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची पिवळ्या रंगाची इमारत उभी होती, तिच्यावर तेलुगूतली पाटी होती आणि दाराला हे एवढं कुलूप होतं. नर्सची जागा कागदावर होती, नर्स मात्र कधी आली नाही. कशाला येईल? गावात आजी होती. कापसाच्या वावरात कुणाच्या पायात पऱ्हाटीचा खुंट घुसो, कुणाचं मूल तापानं फणफणो की कुणाची सून अडो, लोक कुलपाकडे बघतसुद्धा नसत, सरळ आमच्या ओसरीवर येत. आजीनं बरं केलेला प्रत्येक माणूस हा सरकारवरचा एक मोर्चा कमी झाल्यासारखा होता. मी तिला तसं तोंडावर सांगितलंही होतं. ती म्हणाली, "मंग काय करू, त्याचा पाय सडू देऊ? तुह्या मोर्च्याले लंगडत नेशीन त्याले?"

आजी तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि विधवा झाल्यावर सुवार्तेच्या कामावर आमच्या गावात येऊन पडली. एका पिशवीत बायबल, दुसरीत काचेची सिरिंज. मिशनचे लोक पुढे निघून गेले, आजी राहिली. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, बाकी बौद्धवाडा आणि हिंदूंची घरं. इतक्या वर्षांत तिनं एकालाही ख्रिस्ती केलं नाही, पण ती स्वतःला सेवेत अत्यंत यशस्वी समजे. आदिलाबादहून पाळकसाहेब वर्षातून एकदा येत आणि वही उघडून विचारत, "बाई, यंदा किती आत्मे?" आजी ताठ बसून उत्तर द्यायची, "एकोणीस. अकरा पोरी, आठ पोरं. एक पायाळू होतं, पन निगालं बापा सुखरूप." पाळकसाहेब वही मिटून चहा प्यायचे. तांदळाच्या पेजेची खळ दिलेली पांढरी साडी आणि पुरुषी काळी छत्री, एवढ्या थाटात ती उन्हातान्हात चार-चार गावं पालथी घालायची. मराठी, तेलुगू, गोंडी आणि सायबाची हिंदी अशा चारही भाषांत तिला 'कुठं दुखतंय' आणि 'खोटं बोलू नको' ही दोन वाक्यं अस्खलित येत, आणि तिच्या मते नर्सला याहून जास्त भाषा लागत नाही.

तिची प्रार्थना म्हणजे केसपेपर असायचा. रोज सकाळी ओसरीवर गुडघे टेकून ती मोठ्या आवाजात एकेका पेशंटचं नाव, वय, अवयव आणि दिवस प्रभूच्या कानावर घाले. देवाला मोघम बोललेलं चालत नाही, अशी तिची ठाम समजूत. त्यामुळे कुणाच्या कानातून पू येतो आणि कुणाला कुठं गळू झालंय हे देवाच्या आधी पाणी भरणाऱ्या बायांना कळे. शेजारचे रामाजीबाबा एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, हात जोडतो, देवापाशी माहं नाव नका घेऊ. सारं गाव हासून राह्यलं." आजी म्हणाली, "नाव नाई घेतलं तं त्याले कसं समजन, कोनाचं बसणं मुश्किल झालं ते? भलत्यालेच आराम पडन ना!" बाबांना आराम पडला, पण तोवर आठ दिवस ते पारावर उभ्यानंच गप्पा मारत होते.

पण तिची खरी ओळख म्हणजे ते पाणी. सिरिंज आणि सुया उकळायला किती वेळ द्यायचा ते मिशनच्या मॅडमनी तिला घड्याळावर शिकवलं होतं. घड्याळ बंद पडल्यावर आजीनं हिशेब गाण्यावर आणला. सात कडव्यांचं एक उपासनेचं गीत होतं, ते संथ चालीत दोनदा म्हटलं की सुई वापरायला तयार. रॉकेलचा स्टोव्ह फरफरू लागला की आजी सुरू व्हायची आणि ओसरीवरचे पेशंट, कण्हत का होईना, साथ धरायचे. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या, माळी, गोंड बाया, कुणी म्हणून त्या गाण्याला परकं राहिलं नव्हतं. कुणाला त्यात धर्म दिसला नाही. ते इंजेक्शनचं गाणं होतं. शेवटी सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हणायचं आणि त्याच शब्दाला सुई आत. लहान मुलं तर दुसऱ्या वेळच्या सातव्या कडव्याला रडायला लागत, त्याआधी नाही.

कॉलेजात जाऊन मला देव दिसेनासा झाला आणि सरकार दिसू लागलं. आम्ही चौघांनी नर्सच्या मागणीची पत्रकं काढली, मराठीत, चांगली जळजळीत. आदिलाबादच्या ऑफिसातल्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी चपराशाकडून वाचून घेतलं, आणि ज्या वाक्यांवर आम्ही रक्त आटवलं होतं ती चपराशानं तीन शब्दांत उरकली. साहेब म्हणाले, "आपके गाँव में तो वो अम्मा है ना? फिर क्या दिक्कत है?" घरी आल्या आल्या आजीला म्हटलं, "एक महिना काम बंद ठेव. लोकांची अडचण झाल्याशिवाय हे हलणार नाहीत."

आजीनं वाद घातला नाही. पत्रक मागून घेतलं, चष्मा लावला आणि गुडघे टेकून अख्खं पत्रक प्रभूला वाचून दाखवलं. 'धिक्कार असो'पाशी जरा थांबली. "भाषा तिखट हाये, पोरगी बी तशीच हाये," तिनं प्रभूला सांगितलं, "पन मागनं बरोबर हाये." मग उठून मला म्हणाली, "ठेवते बंद."

पाच दिवस ती मांडीवर हात ठेवून दारात बसली. आलेल्याला आम्ही वाकड्या तोंडानं आदिलाबादची बस दाखवत होतो. सहाव्या दिवशी दुपारी मी घरी आले तर स्टोव्हची फरफर आणि आत तेच गाणं. उटनूरकडची एक गोंड बाई, वेचणीला आलेली, विळ्यानं कापलेला पाय घेऊन बसली होती. पाय सुजून टम्म झालेला. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "आजी, फितूर आहेस तू!"

"फितूर तं फितूर," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "पन कितवं कडवं होतं ते तुह्यापायी इसरली. आता पयल्यापासून म्हनावं लागन."

आणि तिनं खरंच पहिल्यापासून म्हटलं. मी दारात तशीच उभी. शेवटी तिनं सिरिंज भरली आणि तेव्हा मला तिचा हात दिसला. सुई हवेत थरथरत होती, बाईच्या दंडाजवळ जाऊन परत फिरत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. हळूच म्हणाली, "इकडं ये. मनगट धर माहं." मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि दोघींच्या हातानं ते इंजेक्शन गेलं. बाई निघून गेल्यावर आजी भिंतीला टेकली. "मले काय हाऊस हाये का वं? मी बी थकली. तुह्यापेक्षा जास्त वाट मी पायते त्या नर्सची. पन ते येईलोक दार कसं लावू?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आदिलाबादला आली. मी वाटेत तिला भाषणाचे मुद्दे सांगितले, तिनं मान डोलावली आणि त्यातला एकही मुद्दा वापरला नाही. तिचे पांढरे केस पाहून साहेबांनी चहा मागवला. आजीनं कपबशी उचलली आणि कप बशीवर वाजायला लागला. तो एवढासा टकटक आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला. चहा टेबलावरच्या फाइलीवर सांडला. आजी म्हणाली, "साब, इस हात से आप सुई लेंगे?" साहेब फाइल पुसत राहिले, पण खाली मान घालून. माझ्या दोन हजार पत्रकांनी जे केलं नाही ते एका कपबशीनं केलं, याचा मला अजूनही थोडा रागच आहे.

नर्स आली, पण कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेल्यावर. आजी त्याआधीच गेली. तिला पुरलं तेव्हा पाळकसाहेबांना मातीपर्यंत पोचायला वाट मिळेना, इतके लोक होते. आणि त्यांतला एकही त्यांच्या वहीत नव्हता.

उपकेंद्राचं कुलूप निघालं त्या दिवशी मी जिंकले होते, पण नाचावंसं वाटत नव्हतं. नुसतं बसून राहावंसं वाटत होतं. नर्स तेलुगू मुलगी, चटपटीत, तिच्याकडे प्लास्टिकच्या नव्या सिरिंजा. पहिला नंबर रामाजीबाबांचा. तिनं पाकीट फाडलं, औषध भरलं आणि म्हणाली, "हाथ दो." बाबांनी बाही वर केली नाही.

"पानी नाई ठेवलं बाई?"

"ये नया है बाबा, उबालना नहीं पड़ता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नवं असन. पन गानं नाई झालं ना. काऊन, कच्चीच सुई टोचतात का हे?" मागे कुजबुज सुरू झाली, 'कच्ची सुई, कच्ची सुई.' दोन बायांनी पोरं कडेवर घेतली आणि चपला घातल्या. नर्सचा चेहरा रडवेला. मी ओळखलं, आज हे उठले तर उद्या कुणी येणार नाही, महिन्यानं रजिस्टर रिकामं दिसेल आणि ते कुलूप परत लागेल. आजीनं त्या हातानं उघडून घेतलेलं कुलूप.

मी नर्सला म्हटलं, "सिस्टर, थोड़ा रुको." आणि गायला लागले. आवाज फाटत होता. कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं, चौथ्या कडव्याला अडले, तर रामाजीबाबांनीच पुढची ओळ धरली आणि मग उपकेंद्राची सगळी ओसरी म्हणायला लागली. चपला पुन्हा पायांतून निघाल्या. पहिल्यांदा सात, परत सात. नर्स हातात सुई धरून आमच्याकडे बघत उभी होती.

शेवटचं 'आमेन' मी म्हटलं नाही. ते बाकीच्यांनी म्हटलं, आणि बाबांनी बाही वर केली. मी डाव्या हातानं माझंच उजवं मनगट धरून उभी होते.