दोघींची एक कॉट

आजी शेवटच्या पेपरात ढसाढसा रडली, ही बातमी पेपर संपल्याची घंटा वाजायच्या आत जिना उतरून खाली आली होती. आजी म्हणजे खरीखुरी आजी नव्हे. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची, पाठीवर सॅक लावणारी, चांगली तरणीताठी मुलगी. पण सदा जांभया द्यायची, जिना कठड्याला धरून चढायची आणि कुणी सिनेमाला चल म्हटलं की "आज नको गं, अंग मोडून आलंय" म्हणायची. म्हणून वर्गाने तिचं नाव आजी ठेवलं आणि तिने ते निमूट घेतलं. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

तर ही आजी म्हणे पहिला प्रश्न कसाबसा लिहून बाकावर डोकं टेकून बसली, ती बसलीच. कारण? त्याच आठवड्यात बॅडमिंटनवाल्याचं लग्न ठरलं होतं ना! मागच्या बाकावरच्या मुलीने तिचे खांदे हलताना पाहिले. सुपरवायझर बाईंनी उत्तरपत्रिकेवर ओला डाग पाहिला. कॅन्टीनच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने तर काहीच पाहिलं नव्हतं, तरी सगळ्यात जास्त तपशील त्याच्याकडेच होते.

बॅडमिंटनवाला म्हणजे वर्गातला एक रॅकेट मिरवणारा मुलगा. वर्षभर लायब्ररीत आजीच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, हे खरं. ती खुर्ची पंख्याखाली होती, हेही तितकंच खरं. त्याने तिचं खोडरबर घेतलं होतं आणि परत दिलं नव्हतं, एवढाच काय तो दोघांतला व्यवहार. पण मुलगी शांत, मुलगा शेजारी आणि टेबल एकच. इतक्या भांडवलावर कॉलेजात याहून मोठे संसार उभे राहिलेत.

आजी दिवसभर लायब्ररीत का बसते, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. अभ्यासू असेल, झालं. खरं तर तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

ती राहायची एका काकूंकडे, मागच्या खोलीत. खोलीत एक कॉट, एक टेबल, भिंतीला खुंट्या आणि कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह. दुसरी कॉट लावली असती तर दार उघडलं नसतं. पण काकूंचं डोकं असल्या बाबतीत भलतंच चालायचं. त्यांनी तीच खोली, त्याच कॉटसकट, रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सलाही दिली.

"एक रात्री झोपते, एक दिवसा झोपते," काकू म्हणाल्या. "मग दोन कॉट मांडून काय प्रदर्शन भरवायचंय?"

नर्सला आजी ताई म्हणायची. दोघींची उशी आपापली, गादी एक. भेट व्हायची ती सकाळी, दारात. ताई रात्रपाळीहून यायची ती चपला काढतानाच डोळे मिटायची.

"ऊठ गं. मला पडू दे."

"ताई, आज पहिलं लेक्चर नाहीये. थोडा वेळ बसते ना टेबलाशी. आवाज नाही करणार."

"तू पानं उलटतेस ना, मला डॉक्टर केसपेपर चाळताहेत असं वाटतं. दचकून उठते मी. जा बाई, जा. मन लावून शिक."

आणि ताई डोळ्यांवर ओढणी बांधून भिंतीकडे तोंड करायची. आजी केस विंचरत विंचरत जिना उतरायची. ताई संध्याकाळी ड्यूटीवर गेली, की मगच खोली तिची.

मधला अख्खा दिवस कुठेतरी ढकलायचा. लेक्चरं संपली की लायब्ररी. तिथल्या ग्रंथपाल बाई झोपणाऱ्यांच्या वैरीण. कुणाची मान कलली की शेजारी येऊन तारखेचा शिक्का टेबलावर असा हाणायच्या, की झोपलेला उभाच राहावा. आजीने मग पेन हातात धरून, डोळे अर्धे उघडे ठेवून डुलकी काढायची कला साधली. अर्थशास्त्राच्या सरांच्या तासाला ती कला भलतीच कामाला यायची. सरांचा आवाज दूरवरच्या पंपासारखा. तेही बिचारे थकलेले. एकाने थकून शिकवायचं, दुसरीने थकून ऐकायचं आणि हजेरी दोघांची लागायची.

सुट्टीच्या दिवशी तर बिकट. कॉलेजला कुलूप आणि कॉटवर ताई. त्यावर उपाय ताईनेच सुचवला होता. "आमच्या ओपीडीच्या बाकावर बस. तिथे कुणी ऊठ म्हणत नाही." आजी तिथे ऑडिटिंगचं पुस्तक घेऊन बसायची. एकदा शेजारच्या बाईंनी कळवळून विचारलं, "काय होतंय गं तुला?"

"ऑडिटिंग," आजी म्हणाली.

बाईंनी हळूच जागा बदलली.

मोठी माणसं म्हणायची, हेच तुमचे सोन्यासारखे दिवस, पुढे आठवतील. आजीला वाटायचं, असतीलही. पुढे काय होणार, हे जो तो विचारतो. दुपारी जेवण झाल्यावर संध्याकाळपर्यंत कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही. वर्गातल्या मुली दुपारी घरी जाऊन लोळायच्या आणि मग कंटाळा आला म्हणायच्या. त्या कंटाळ्याचासुद्धा हिला हेवा वाटायचा.

घरी यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. आईला फोनवर ती सांगायची, "खोली छान आहे, खिडकी आहे." खिडकी होती. उघडल्यावर समोर शेजारच्या इमारतीचे पाइप होते, एवढंच. रडगाणं गायलं असतं तर घरच्या सख्ख्या काकांनी तेवढंच धरून ठेवलं असतं. काकांचं नळ, तोट्या आणि बेसिनचं दुकान. तिथली एक खुर्ची त्यांनी पुतणीसाठी रिकामी ठेवली होती. "शिकू दे हवं तेवढं," ते तिच्या वडिलांना म्हणाले होते, "पण एक जरी विषय राहिला ना, तर सरळ आणून इथे बसवायची. उगाच तिकडे ठेवून करायचंय काय?" वडिलांनी मान हलवली होती. त्यामुळे शेवटची परीक्षा म्हणजे आजीला पदवी की तोट्या, असा सरळ मामला होता.

तिने अभ्यास केला. चांगला केला. इतके दिवस लायब्ररीत बसून माणूस करणार काय दुसरं? ऑडिटिंग तर तिला झोपेतही आलं असतं.

आणि ऐन परीक्षेत ताईची ड्यूटी बदलली. दिवसपाळीची एक नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी ताईला टाकलं. आता रात्री दोघीही घरी, आणि कॉट एक.

पहिल्यांदा दोघी उलटसुलट झोपल्या, हिच्या तोंडाशी तिचे पाय. कॉट मध्ये खोलगट, त्यामुळे दोघी घरंगळत मध्येच यायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीहून येऊन ताई म्हणाली, "हे बघ, राग मानू नकोस. आज मी एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला देणार होते. वेळेवर लक्षात आलं. माझी चूक झाली तर माणूस जातो गं. तुझी झाली तर विषय जातो."

आजीने कॉट सोडली आणि खाली सतरंजी घातली. पण खाली म्हणजे दार आणि कॉट यांच्यामध्ये, आणि दार आत उघडणारं. पहाट व्हायच्या आत काकू व्हॉल्व्ह सोडायला यायच्या आणि दार नेमकं हिच्या डोक्यात बसायचं. "लागलं का गं?" असं विचारून काकू तिला ओलांडून जायच्या. मग टाकीत पाणी पडल्याचा आवाज, तो उजाडेपर्यंत. दुपारी पेपर देऊन आली की कॉट मोकळी असायची, पण तेव्हा वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघालेलं. शिवाय मनात धास्ती, की आता पडले तर उद्याचीच जाग यायची. आजी कॉटवर ताठ बसून पाठांतर करायची.

असे सगळे पेपर झाले. उरलं ऑडिटिंग.

त्या हॉलमध्ये काय घडलं, ते सगळ्यांनी पाहिलंच. हिचं डोकं खाली गेलं. सुपरवायझर बाई कडक म्हणून प्रसिद्ध, पण बॅडमिंटनवाल्याची बातमी त्यांच्याही कानावर आलेली. त्या जवळ आल्या, खांदे हलताना पाहिले, ओला डाग पाहिला आणि त्यांचं मन विरघळलं. "मोकळी होऊ दे बिचारीला," असं मागच्या मुलीला कुजबुजून त्यांनी ऊन येणारी खिडकीसुद्धा लावून घेतली. पेपर गोळा करायच्या वेळी त्यांनी आजीच्या डोक्यावरून हात फिरवला. आजीने वर पाहिलं. गालावर शाई. समोर एक प्रश्न लिहिलेला, बाकी पानं कोरी.

सगळ्यात जास्त बदलला तो बॅडमिंटनवाला. आपल्यासाठी कुणी एवढं रडलं, ही बातमी ऐकून त्याने दाढी वाढवली. रॅकेट घरी ठेवली. एक दिवस आजीला फाटकापाशी गाठून गंभीर आवाजात म्हणाला, "हे बघ, मला खरंच कल्पना नव्हती."

"कसली?"

"तू विसर मला. आपण मित्र राहू."

"माझं खोडरबर आहे तुझ्याकडे."

"ते मी जपून ठेवीन," तो म्हणाला आणि मागे वळून न बघता गेला.

ताईला मात्र आजीने खरं काय ते सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली, कॉटच्या कडेला बसून चादर नीट करू लागली आणि बराच वेळ करत राहिली.

निकाल लागला. विषय राहिला. काकूंनी घरी फोन केला. "मी काही सांगणार नव्हते हो, पण दुसऱ्याच्या मुलीची जबाबदारी असते," अशी सुरुवात करून त्यांनी कानावर आलेल्या बॅडमिंटनवाल्यासकट सगळंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हजर.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, बोलायचं कमी आणि धोका दिसला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, यात हयात गेलेली. घरीसुद्धा जीव वरखाली झाला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. ते येऊन कॉटवर टेकले, घसा साफ केला, "हं, तर" म्हणाले, तेवढ्यात ताई दारात उभी. तिची रात्रपाळी पुन्हा सुरू झाली होती. डोळे तांबारलेले.

"काका, तुम्ही बसा. मी बाहेर थांबते," ती म्हणाली आणि चौकटीला टेकल्या टेकल्या पेंगू लागली.

आजीने बाबांना उठवलं. बाप-लेक जिन्याच्या पायरीवर येऊन बसले.

"त्या इथेच झोपतात?"

"सकाळी."

"आणि तू?"

"रात्री."

"त्याच कॉटवर?"

"खिडकी आहे ना, बाबा."

बाबांचा पाय पायरीवर दाबला गेला. आजीने तो पाय पाहिला आणि तिच्या डोळ्यांपुढे नळाच्या तोट्या ओळीने उभ्या राहिल्या. तिला वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, सांगायचं तरी काय? घरच्यांनी शिकायला पाठवलं आणि ही असं करून बसली, म्हटल्यावर काका घरभर हसतील आणि संध्याकाळी दुकानात खुर्ची पुसून ठेवतील. तरी तिने तोंड उघडलंच.

"बाबा, मी रडले नव्हते. मी..."

"असू दे." त्यांनी हात वर केला. "मी विचारलं का काही?"

"पण ऐका तरी."

"त्या मुलाचं ठरलं ना तिकडे? मग झालं. संपला विषय." पाय पुन्हा दाबला गेला. "आता तुला घरी नेली तर तुझी काकी पहिल्याच दिवशी विचारणार, बाकी सगळे विषय सुटले, मग शेवटच्याच पेपरला काय झालं. आईने काय सांगायचं? नको. इथेच राहा, तो पेपर दे, पास होऊन ये. काकांना मी बघतो. त्यांना म्हणेन, पेपर अवघड काढला होता."

आजीने तोंड मिटलं. साधी नापास झाली असती तर बाबांनी आज तिची बॅग उचलली असती. प्रेमात नापास झाली म्हणून राहू देत होते. आयुष्यात कधी नव्हे ती कुणीतरी तिच्याबद्दल मोठी, रंगीत गोष्ट रचली होती आणि तिच्याच आधाराने तिला एक संधी मिळत होती. दुरुस्ती करण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

जाताना बाबा दारातून काकूंना हळू आवाजात काहीतरी सांगून गेले. त्यानंतर व्हॉल्व्हची चावी खोलीबाहेर बसवली गेली. कॉट मात्र एकच राहिली.

पुढच्या खेपेला आजी ऑडिटिंगमध्ये पास झाली. काकांच्या दुकानात आता त्यांचा मेहुणा बसतो. जुने वर्गमित्र भेटले की रडण्याची गोष्ट अजून निघते. बॅडमिंटनवाला अशा वेळी खाली बघतो आणि त्याची बायको त्याला कोपराने ढोसते. आजी हसते आणि जांभई देते.

ती त्या दिवशी रडली नव्हती. पेपर सोपा होता, हॉलमध्ये शांतता होती आणि तिला झोप लागली.