नंबर बरोबर होता

दसरा होऊन चार दिवस झाले होते. रविवार, दुकान बंद. जेवून मी पेपर चाळत पडलो होतो. दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. त्याच्या हातात चष्म्याची केस होती, तपकिरी, कडांना झिजलेली. त्याने ती उघडली नाही, नुसती उलटी करून दाखवली. तिच्यावर आमच्या दुकानाचं नाव आणि पनवेलचा पत्ता छापलेला होता. "ही तुमच्याच दुकानातली ना?" मी हो म्हटलं. "लुनावर एक बाई होत्या. जासईहून इकडे येत होत्या. ट्रेलरनं..." मग म्हणाला, "पिशवीत डोळे तपासायचं सामान आहे, नाव-पत्त्याचं दुसरं काही मिळालं नाही. तुमचं गिऱ्हाईक असेल तर ओळखाल, म्हणून आलो." गिऱ्हाईक नव्हतं. डोळे तपासायचं सामान घेऊन लुनावरून त्या रस्त्याने जाणारी बाई एकच होती, आणि ती माझी सख्खी मोठी बहीण होती. कुंदाताई. दोन वर्षं ती आमच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. चष्मा मात्र आमच्याच केसमध्ये ठेवत होती, हे मला त्या हवालदाराकडून कळलं.

ताई जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे तिच्याबद्दल चांगलं बोलतात, गावोगाव फिरून तिने किती लोकांचे डोळे तपासले ते सांगतात. ते खरंच आहे. पण ती त्या वाटेला का लागली आणि त्यात माझा हात किती, हे त्यांना ठाऊक नाही. ते सांगायला आता मीच उरलोय.

आमचे वडील, अण्णा, यांनी पनवेलच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान काढलं तेव्हा ताई शाळेत होती. इंटर सायन्सनंतर अण्णांच्या दम्यामुळे तिचं शिक्षण थांबलं आणि ती दुकानात आली, ती तिथलीच झाली. लग्न जमलं नाही. का, ते घरात कुणी बोललं नाही. माझ्यापेक्षा तिचा हात कितीतरी चांगला. पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या दगडावर ती काच धरायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "बस झालं, आता बसेल." काच फ्रेममध्ये टच्च बसायची. नंबर काढायलाही तीच. तपासणीची लोखंडी फ्रेम समोरच्याच्या नाकावर चढवून ती एकेक काच बदलायची, "आता बरं की मघाशी बरं?" असं विचारत राहायची, आणि घाईतलं गिऱ्हाईकसुद्धा तिच्यापुढे शांत व्हायचं. अण्णा गेल्यावर दुकान आम्ही दोघांनी चालवलं. मी गल्ल्यावर आणि फ्रेमांच्या काउंटरवर, ती आतल्या पडद्यामागे. अशी सात-आठ वर्षं बरी गेली.

चंद्राबाई आमच्याकडे आली ती ऐंशीचं दशक सरता सरता. उरणजवळच्या मोऱ्याची कोळीण. एसटीने मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. पन्नाशीची, आवाज खणखणीत. डोकं दुखतं म्हणाली. ताईने नंबर काढला, चष्मा दिला. चार महिन्यांनी परत. "बाय, चष्मा बराबर हाय गो, पन माला दिसत नाय." ताईने पुन्हा बसवलं. वाचता न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे उलटसुलट इंग्रजी 'ई'चा तक्ता होता. 'ई'ची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. चंद्राबाईने अगदी खालच्या ओळीपर्यंत सगळं अचूक दाखवलं. ताई चक्रावली. किंचित फरक निघाला तेवढा बदलून दुसरा चष्मा दिला. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा ताई पुण्याला मावशीकडे गेली होती. मी बसवलं, तक्ता दाखवला. परत सगळं अचूक. "पायरी चुकते रं," ती म्हणाली. "बाजारात मानसांवर आदलते." मी हसलो. सवय व्हायला वेळ लागतो, सारखा घालत जा, म्हटलं आणि जरा मोठ्या काचेचा, भारीतला चष्मा तिला करून दिला. आज लिहितानाही मला तो काळ्या कडांचा चष्मा दिसतो.

पुढच्या वर्षी तिचा मुलगा आला. होडीवर काम करणारा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने तिन्ही चष्मे काउंटरवर एका रांगेत ठेवले. "मुंबईला दावलं आईला. काचबिंदू हाय. एक डोला गेला, दुसऱ्यानं नलीतून बगल्यासारखं दिसतं, तो पन जानार. डाक्टर बोलला, वर्साआधी आनली असती तर वाचले असते." मग त्याने चष्म्यांवर बोट ठेवलं. "तीन चष्मे दिले तुमी. तीन. आनि एकदा पन डोल्याच्या आत बगितलं नाय." मी म्हणालो, आमचं काम चष्म्याचं, आम्ही डॉक्टर नाही. म्हटलं ते खोटं नव्हतं. तो चष्मे तिथेच टाकून निघून गेला. पडद्याशी ताई उभी होती. तिने चष्मे उचलले, एकेकाचा नंबर तपासला आणि म्हणाली, "विनू, नंबर बरोबर आहेत रे." तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

काचबिंदूत असंच होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते, आणि नजर कडेकडेने मरत येते. समोरचं शेवटपर्यंत स्पष्ट दिसतं. तक्ता वाचणारा माणूस आंधळा होत चाललाय हे तक्त्यावरून कळतच नाही.

आठवड्याभराने ताई मला घेऊन मोऱ्याला गेली. मला जायचं नव्हतं. धक्क्याच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. चंद्राबाई ओटीवर बसून सुकट निवडत होती, बोटांनी चाचपून. पावलं ऐकून तिने विचारलं, "कोन?" ताई म्हणाली, "मी, चष्म्याच्या दुकानातली." "ये, बस," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ताईने विचारलं, "मावशी, पहिल्यांदा आलात तेव्हा काय होत होतं नक्की?" चंद्राबाईने हात थांबवला. "समोरचं दिसाचं गो. कडंचं कोनी खाल्ल्यावानी. मानूस एकदम पुढं उभा, कुठून आला ते समजाचं नाय." "हे तेव्हा का नाही सांगितलंत?" ताई म्हणाली. चंद्राबाई जराशी हसल्यासारखी झाली. "तू इचारलंस कुठं? तू नंबर इचारलास."

परत येताना पनवेलला एसटीतून उतरल्यावर ताई म्हणाली, "मला शिकायचंय."

ऑप्टोमेट्री हा शब्द तेव्हा पनवेलमध्ये कुणाला माहीत नव्हता. चष्मा बनवणारा वेगळा आणि डोळा तपासायला शिकलेला वेगळा, हे आम्हा दुकानदारांनाच मान्य नव्हतं, मग लोकांचं काय? मुंबईत एका कॉलेजात पदविकेचा वर्ग होता. ताई छत्तीस वर्षांची. मी म्हटलं, "तुझ्याबरोबर अठरा वर्षांची पोरं बसतील. आणि शिकून करणार काय? नंबरच काढणार ना?" ती म्हणाली, "नंबर काढेन. पण आधी डोळा बघेन." बस्स, एवढंच. इंटरचं जुनं सर्टिफिकेट शोधायला तिने सगळी ट्रंक उपसली. पहाटेच्या एसटीने जायची, संध्याकाळी येऊन पडद्यामागे दिवसभराचे नंबर काढायची. वर्गातली मुलं तिला आँटी म्हणत. इंग्रजी पुस्तकांनी ती रडकुंडीला यायची, पहिल्या परीक्षेत एका विषयात नापासही झाली. प्रॅक्टिकलला बकऱ्याचा डोळा कापून दाखवला, त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. मला वाटलं किळस आली असेल. म्हणाली, "वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरल्या रे... डोळा आज पाहिला."

त्या दिवसांत ती सरावासाठी मला समोर बसवायची. माझा एक डोळा झाकून म्हणायची, "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही." मग हात लांब नेऊन कडेला बोटं हलवायची. "दिसतात? आता? आता?" मी मुद्दाम चुकीचं सांगितलं की हसून टपली मारायची. तिला हसताना पाहिल्याचं मला आठवतं ते बहुतेक तेव्हाचंच.

शिकून ती परत दुकानात आली आणि दुकान बदललं. एकेका माणसाला अर्धा-अर्धा तास. घरात कुणाला काचबिंदू होता का, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का, जिना उतरताना चुकतं का... मग हातातल्या छोट्या दिव्याच्या यंत्राने डोळ्याच्या आतली नस बघायची. जरा शंका आली की चष्मा द्यायचा नाही, आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवायचं. लोक कंटाळले. "चष्मा करायला आलोय, आजार शोधायला नाही," असं तोंडावर म्हणू लागले. मी दोन-अडीच वर्षं कळ काढली. एकदा आमचे जुने हेडमास्तर आले. ताईने त्यांना चष्मा नाकारला, उद्याच्या उद्या दाब तपासून घ्या म्हणाली. ते ताडकन उठले आणि समोरच्या दुकानात गेले. काचेतून आम्हाला दिसत होते, नवी फ्रेम आरशात बघताना. माझा तोल गेला. "एका कोळणीच्या डोळ्यांपायी अण्णांचं दुकान आंधळं करून टाकलंस तू," मी म्हणालो. ताईने यंत्र पिशवीत ठेवलं. अगदी सावकाश, वाद्या वगैरे नीट लावून. मग म्हणाली, "तिसरा चष्मा तू दिलास, हे मी तुला कधी बोलले नाही, विनू." आणि निघून गेली.

खरंच कधी बोलली नव्हती.

गावाबाहेरच्या डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिला काम मिळालं. जवळच एक खोली घेऊन राहिली. रविवारी लुनावरून उरणच्या बाजूच्या गावांत जायची, शाळेच्या व्हरांड्यात किंवा कुणाच्या ओटीवर लोक तपासायची. मोऱ्यालाही जात राहिली, चंद्राबाई पुरती आंधळी होऊन वारेपर्यंत. तिचा मुलगा ताईशी कधीच बोलला नाही, ताई आली की उठून धक्क्यावर जायचा, असं नंतर कुणी सांगितलं. आमची भेट भाऊबीजेला तेवढी. ओवाळायची, पोरांना खाऊ द्यायची, जायची. शेवटच्या भाऊबीजेला दारात चपला घालताना म्हणाली, "चाळिशी झाली तुझी. एकदा डोळ्यांचा दाब बघून घे, ये तिकडे दवाखान्यात." मी बरं म्हटलं. गेलो नाही. यंदाची भाऊबीज तिच्या बाराव्या-तेराव्यानंतर आली. माझ्या बायकोने पाट मांडला नाही, एवढंच.

सुतकानंतर दुकान उघडल्यावर दहाएक दिवसांनी जासईकडचा एक म्हातारा आला. डोक्याला मफलर. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढून त्याने काउंटरवर ठेवला. "बायनी लिवून दिलाय. कापनी होती, मंग येयाला जमला नाय. ह्यो नंबर हाय ना? चष्मा करून द्या." अक्षर ताईचं होतं. तारीख त्या रविवारची. 'यांना चष्मा देऊ नये. उजव्या डोळ्याची नस बरीच सुकली आहे. ताबडतोब दाब तपासणे आवश्यक.' खाली सही आणि दवाखान्याचा पत्ता. त्याला वाचता येत नव्हतं. चष्म्याबद्दल काहीतरी लिहिलंय एवढं कुणी सांगितलं, म्हणून तो थेट चष्म्याच्या दुकानात आला होता. मी शटर ओढलं, रिक्षा केली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे मी पहिल्यांदाच जात होतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. "या आठवड्यातली ही तिसरी," त्या म्हणाल्या. "एका रविवारी पंचवीस-तीस लोक बघायच्या त्या. सगळे लगेच येत नाहीत. कुणाची शेती, कुणाचं लग्न... येतील अजून." मग चिठ्ठी केसपेपरला टाचली आणि म्हाताऱ्याला आत नेलं. मी बाकावर बसून राहिलो. बाहेर येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उजवा गेल्यातच जमा आहे. डावा राहील, औषध चुकवलं नाही तर." महिनाभर आधी आला असता तर, हे विचारायचं धाडस झालं नाही.

थेंब घातलेले डोळे मिचकावत म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं, आणि बाकीचंही काही माहीत नव्हतं. म्हणाला, "बाय येत्या ऐतवारी येनार हायत ना जासईला? माझ्या भावाला दावाचाय. तो पन असाच आदलतो."

"नाही येणार," मी म्हटलं. पुढचं मला सांगता आलं नाही. "भावाला इथेच घेऊन या. रविवारची वाट बघू नका. उद्याच आणा."